कोण गेलं?

काल नातू डोकं तुळतुळीत करून घरात आला. मी घाबरून म्हटलं, "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, आबा. स्टाइल आहे. आपल्याला सगळ्यांसारखं राहायचं नाही."

मागं दारात त्याचे दोस्त उभे होते. सगळी डोकी तशीच.

माझी बायको गेली तेव्हा माझ्या पोरानं, याच्या बापानं, केस उतरवले. घरात तो रडला नाही. पुढं एसटीत एका अनोळखी बाईनं त्याचं डोकं बघून विचारलं, "कोण गेलं, बाबा?" तिथं मात्र तो ढसाढसा रडला.

कालपासून धास्ती बसलीय. उद्या मी गेल्यावर पोरगा केस उतरवेल, एसटीत बसेल, आणि कोणी काहीच विचारणार नाही. मग तो रडेल कुठं?