ओलं सूत आणि काकतीचा रस्ता

मागाच्या खड्ड्याशेजारी तुटक्या सुताचा गुंता साठत जातो. कुणी तो मुद्दाम साठवत नाही आणि टाकूनही देत नाही. आमच्या पळण्याचे किस्से तसेच साठलेत. इंग्रज अजून होते, तेव्हाचे. मी आणि माझा दोस्त परसू, दोघंही खासबागेतले विणकर. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पाय आतल्या आत म्हणायचे, ऊठ, पल्याडचं काकती गाव गाठ!

माझं लग्न ठरवायला सासरे आले. त्यांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळूच विचारलं, "पोराला काय व्यसन?"

आप्पा खोटं बोलत नसत. "एकच हाय. पळतंय."

"पळतंय? कुठं?"

"काकतीपतोर."

सासऱ्यांनी अडकित्ता काढला. सुपारी कातरून झाली, तोंडात टाकून झाली. मग म्हणाले, "परत येतंय न्हवं?"

"येतंय की."

"मग दिली पोरगी!"

लग्नानंतर कळलं, की पळायची वेळ आणि ताण्याची वेळ एकच. ताणा म्हणजे साडीचं उभं सूत. पहाटे ते गल्लीभर लांब ताणायचं, त्याला खळ लावायची आणि वाळेपर्यंत दोन्ही अंगांनी कुंचा फिरवत राहायचा. हात थांबला, की तारा एकमेकींना चिकटल्या आणि घरभराची मेहनत गेली. म्हणून आमच्यात ओला ताणा अडचणीत दिसला, तर कुणी तसंच पुढं जात नाही. भांडण असलं तरी आधी हात लावायचा, मग भांडायचं.

एकदा मी पळून आलो, तोवर माझ्या बायकोनं, शेवंतानं, एकटीनं ताण्याच्या कडेनं फेऱ्या मारून काम उरकलं होतं. मी पायरीवर टेकलो आणि म्हणालो, "आज लई पळालो गं."

ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "मी बी. पर मला बघून कुणी शाबास म्हणालं न्हाय!"

परसूच्या बायकोची अट वेगळी. पळायचं तर तान्ह्या लेकीला घेऊन पळायचं! परसूनं जुन्या लुगड्यानं लेक पाठीशी बांधली. गल्लीचं वळण यायच्या आत ती गाढ झोपली. परसू थांबला की रडायची, पळाला की झोपायची. असला मास्तर कुठल्या तालमीत मिळणार!

थोड्या दिवसांनी शेजारणी दारात उभ्या. "परसूभावजी, आमच्या बाळ्यालाबी एक फेरी!"

चळवळीच्या दिवसांत पहाटे पळणारा माणूस दिसला, की पोलिसांना संशय. एका हवालदारानं परसूला कॉलरीला धरलं.

"कुठनं पळालास?"

"घरनं."

खात्री करायला हवालदार त्याला घेऊन घरी आला. परसूच्या बायकोनं दार उघडलं, दोघांकडं बघितलं.

"व्हय सायेब, घरनंच पळालाय. रोज पळतोय. आज तुमी धरलासा, लई उपकार झालं!"

मी तर मागावर बसूनही पळायचो. पायाखालच्या पट्ट्या पळण्याच्या ठेक्यात दाबायचो. मनात जोर आला की वीण घट्ट, दम लागला की सैल. एक दिवस आप्पांनी विणलेल्या साडीवरून तळवा फिरवला. एका जागी थांबले.

"हितं काकतीची चढण लागली व्हय रं?"

मी मान खाली घातली. त्यांनी हातभर पुढं बोट ठेवलं.

"आन् हितं पाणी प्यालास."

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "औंदा जत्रंच्या रेसमध्ये पैला आलास तर पहाट तुझी. न्हाईतर पळणं बंद. घरात लेकरू आलंय. शेवंताच्या एकटीच्या जीवावर किती दिस?"

ते खरंच होतं. म्हणूनच माझा जीव थाऱ्यावर राहीना.

रेसच्या आधी आठवडाभर आभाळ भरलेलं. ताणा खोळंबला. नेमकं रेसच्या सकाळी लख्ख उजाडलं आणि आप्पांनी सूत बाहेर काढलं. गल्लीतली सगळी माणसं रेस बघायला तालमीपाशी गेलेली. मी पायरीवरच घुटमळलो.

शेवंता म्हणाली, "अहो, जावा तुमी. मी हाय न्हवं."

काकतीहून परतताना मी सगळ्यांच्या पुढं होतो. मागं परसू, त्याच्या मागं वडगावचे विणकर. शेवटचा टप्पा आमच्याच गल्लीतून. पलीकडं तालमीपाशी ताशा वाजत होता, पंच पहिल्याचा फेटा घेऊन उभे होते.

मी वळलो तर वारं सुटलेलं. ताण्याचा खुंट निसटला होता आणि आप्पांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. आमची तान्ही लेक पायरीवर रडत होती. शेवंता कुंचा घेऊन एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला.

मला बघून ती ओरडली, "थांबू नगा! जावा!"

मी थांबलो. कुंचा घेतला.

परसू आला. "अरं जा की, मूर्खा!" मी ओरडलो.

"गप रं," म्हणाला आणि पलीकडच्या अंगाला गेला.

मग वडगावचा पहिला आला. त्यानं ताणा बघितला, तालमीकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि खुंट धरायला आप्पांपाशी धावला. मग दुसरा. मग तिसरा. गल्लीत नुसता धापांचा आवाज.

बऱ्याच वेळानं ताशा थांबला. फेटा हातात घेऊन पंच गल्लीत आले.

"अरं, ही रेस हाय का काय हाय? पैला आला कोण?"

सगळ्यांचे हात सुतावरच. मी आप्पांकडं बघितलंच नाही.

आप्पा मान वर न करता म्हणाले, "ह्यो आला, आमचा. मग परसू. मग ही वडगावची पोरं. फेटा खाली ठेवा आन् कुंचा घ्या. सूत ओलं हाय."