आरशातले सासरे

पुढे बघून चालणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण सगळं आयुष्य मागे बघत पुढे गेलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा सासरा निघाला. लग्न ठरवायला मी वाकोल्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे गृहस्थ माझ्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं, स्थळ पसंत नाही. पण समोरच्या काचेच्या कपाटात त्यांना मी डोक्यापासून चपलेपर्यंत दिसत होतो. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, मी इकडेतिकडे बघून बोटाने ते बाहेर काढलं, आणि त्या पाठीकडून आवाज आला, "चमचो देव काय?" त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी बिस्कीट खाल्लेलं नाही.

सासऱ्यांचा धंदा जनरेटरचा. लग्नं, सत्यनारायण, नवरात्रीचे मंडप, जिथे दिवे जाण्याची भीती तिथे ह्यांची जीप आणि जीपमागे जोडलेली जनरेटरची ट्रॉली हजर. त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि मुलाने ही ट्रॉली धरली ती सोडलीच नाही. त्यांची गल्ली अशी, की समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथे ट्रॉली वळत नाही, म्हणून रोज ती उलटी, मागच्या मागे आत घालायची. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना सांगतो, मागे घेताना ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. मी एकदा हट्टाने करून पाहिलं. जीप गल्लीत आणि ट्रॉली रस्त्यावर आडवी, असं काहीतरी झालं, आणि गल्लीतली सगळी मंडळी कामधंदा सोडून बघायला आली. सासरे एवढंच म्हणाले, "जावयबापू, तुमी ऑफिसात जावा."

ट्रॉलीचा हा कायदा ते घरातही चालवत. बांगड्याचं तिखलं खावंसं वाटलं की सकाळी जाहीर करायचे, "आज मासे नकोत हा, पोट बरा नाय." सासूबाई तेवढ्यावरच पिशवी घेऊन बाजाराला निघायच्या. माझ्या बायकोने मला नकार द्यावा असंही त्यांनी तिला निक्षून सांगितलं होतं म्हणतात. म्हणजे मी त्यांना आधीपासून पसंत होतो असा मी अर्थ लावतो. बायको वेगळा लावते.

पण त्यांचा खरा जीव आरशांवर. जीपचे मूळचे आरसे त्यांना पुरत नव्हते, कारण ट्रॉली जीपपेक्षा रुंद. मग लोखंडी पट्ट्या वेल्ड करून आरसे बाहेर काढले. त्यांच्या खाली रिक्षाचा गोल आरसा आला. मग बंद पडलेल्या सलूनमधला एक आला, त्याच्या कोपऱ्यात अजून दाढीच्या साबणाचा डाग होता. समोरून ती जीप कान पसरलेल्या हत्तीसारखी दिसायची. मुलांना सिग्नलला थांबून भांग पाडायची सोय झाली होती. मानेचं दुखणं लागल्यापासून तर त्यांना मान वळवताच येईना, तेव्हा आरसा हीच त्यांची मान झाली. रस्त्याने चालतानाही ते दुकानांच्या काचांकडे बघत चालायचे आणि मला सांगायचे, "मागसून तुमचो घरमालक येता हा. चाल वाढवा."

एवढ्या आरशांतूनही एक जागा मात्र दिसत नसे, ती म्हणजे ट्रॉलीची बरोबर पाठ. ती जागा सासूबाईंची. हॉर्न वाजला की त्या हातातलं काम टाकून, पदर खोचून गल्लीत उभ्या राहायच्या. "येऊ द्या... येऊ द्या... जरा तुमच्या अंगाला... येऊ द्या..." आणि जागेवर आली की ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन थापा मारून "बस्स!" त्यांचा संसार मी जवळून पाहिलेला आहे, त्यात गोडगोड बोलणं औषधालाही नव्हतं. दोघं बोलत ते एवढंच, आणि ते अख्ख्या वाकोल्याला ऐकू जाई.

मग सासूबाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केली, तरी हॉर्न वाजला की या भिंत धरून बाहेर. एकदा पाय लचकून त्या ओट्यावर बसल्या, आवाज चुकला आणि ट्रॉलीने शेजाऱ्यांच्या तुळशीचा कठडा उडवला. त्या दिवशी माझी बायको कमरेला हात लावून उभी राहिली. "बाबा, आई आता मागे उभी राहणार नाही. एक तर कॅमेरा लावा, नाहीतर ट्रॉली विका." ट्रॉली विकणं म्हणजे ह्या माणसाचे हातपाय काढून घेणं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी मरोळच्या एका गॅरेजमध्ये जीप ट्रॉलीसकट नेऊन ट्रॉलीच्या पाठीला कॅमेरा बसवून आणला, जीपमध्ये पुढे छोटा टीव्ही. जावयाची भेट म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला, पण तोंड असं केलं की मी घरात सवतच आणली आहे.

"चित्र झकास आहे ना, बाबा?" मी विचारलं.

"बरा आसा. पण हो बोलना नाय."

"बोलायचं काय त्याने?"

"ता तुमका नाय कळूचा," ते म्हणाले, आणि टीव्हीवर मागचं दिसत असताना सलूनच्या आरशात बघून ट्रॉली आत घातली. सासूबाई दारात खुर्चीवर बसून होत्या. बायकोने त्यांना बजावलं होतं, की तूही आता ओरडायचं नाहीस, नाहीतर ह्यांना कॅमेऱ्याची सवय कशी लागणार? तोंडाला पदर लावून त्या बसल्या. "येऊ द्या" आलं नाही. मला वाटलं, जिंकलो. नवरात्र तसंच पार पडलं.

दसऱ्याला सकाळी जीप आणि ट्रॉली धुऊन गल्लीच्या तोंडाशी उभी केली. पूजा सासूबाईंची. त्यांनी स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, जनरेटरला लावलं, प्रत्येक आरशाला लावलं, ट्रॉलीच्या पाठीवर झेंडूचा भरघोस हार सोडला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन क्षणभर थांबल्या. "यंदा नवीन आलाय, त्याला उपाशी ठेवू?" असं म्हणत त्याच्या भिंगावर ठसठशीत कुंकू टेकवलं. आम्ही हात जोडले. एवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो येऊन पोंपों करू लागला. ट्रॉली आत घ्यायला हवी होती. सासरे चढले, मी शेजारी बसलो. टीव्ही लावला तर सगळा पडदा भगवा आणि मधोमध लाल गोळा.

"जावयबापू, तुमच्या टीव्हीत सूर्य उगवलो," ते म्हणाले.

मी माझ्या बाजूच्या आरशांत पाहिलं. गल्ली रिकामी होती. त्यांच्या बाजूचीही. टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला होता. "घ्या बाबा, सगळं मोकळं आहे," मी म्हटलं. त्यांनी गिअर टाकला, ट्रॉली जराशी हलली आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला.

"काय झालं?"

"आवाज नाय."

"कुणाचा?"

"तिचो. ती दारात पण नाय. मगे ती खंय आसा?"

मी उतरलो, ह्यांची खोड कधी जाणार म्हणत मागे गेलो. ट्रॉलीला चिकटून, हाराच्या खाली, सासूबाई वाकून उभ्या होत्या. कॅमेऱ्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन पदराच्या टोकाने भिंगावरचं कुंकू पुसत होत्या. गुडघे आखडल्यामुळे त्यांना पटकन बाजूला होता आलं नव्हतं. आणि ओरडल्या नव्हत्या, कारण लेकीने ओरडायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

सासरे मागे आले. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "वायच बाजूक हो गो." तो हात त्यांनी घरात जाईपर्यंत सोडला नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवणं बंद केलं. ट्रॉली त्या दिवशी आम्ही चार जणांनी ढकलून आत लावली.

दिवाळीच्या आत त्यांनी ती ट्रॉली विकून टाकली. ह्या वेळी कुणी तसं म्हटलं नव्हतं. कॅमेरा चांगला की आरसा, ह्यावर मी अजूनही वाद घालायला तयार असतो, पण आता ते हसतात आणि विषय बदलतात. मला त्या उलट्या ट्रॉलीची फार आठवण येते. गल्लीत शिरलो की कान उगाच त्या थापांची वाट बघतात.

परवा गेलो होतो. सलूनचा आरसा त्यांनी बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधलाय. मला वाटलं, गल्ली बघायला. ते उठले तेव्हा मी सहज त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. आरशात गल्ली नव्हतीच. आतलं स्वयंपाकघर होतं, आणि स्टुलावर बसून आलं किसणाऱ्या सासूबाई. चहाचा ट्रे आता सासरेच आणतात. तिथे वळायला जागा नाही आणि मानही वळत नाही, म्हणून ते ट्रे घेऊन मागच्या मागे, पाऊल चाचपत बाहेर येतात. सासूबाई स्टुलावरून हलत नाहीत.

"येऊ द्या... येऊ द्या... जरा तुमच्या अंगाला... येऊ द्या..."

ते उंबऱ्याबाहेर आले आणि आत पिठाच्या डब्यावर दोन थापा पडल्या.