मॅडमची एकोणीस मिनिटं

मॅडमला स्टोअरकाका किती ओळखत होते, असं कोणी खोदून विचारलं असतं तर काकांना मान खाली घालावी लागली असती. दोन वर्षांत ती त्यांच्या खिडकीशी पन्नासएक वेळा आली असेल. तिला भावंडं होती की नव्हती, तिने लग्न का केलं नाही, संध्याकाळी खोलीवर जाऊन ती काय करायची, यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होत्या त्या फक्त तिच्या वस्तू नेण्याच्या आणि परत आणण्याच्या तऱ्हा. बाकीची पोरं केबलींचा गुंता करून फळीवर टाकायची आणि पसार व्हायची. ती मात्र प्रत्येक केबल नीट गुंडाळून, वर कापडी पट्टी बांधून द्यायची. एवढ्यावरून माणूस कळत नाही, हे काकांनाही समजत होतं. पण सांगायचं तर एवढ्यावरच सांगायला हवं.

संस्था चित्रपट शिकवणारी. तळमजल्यावर शेवटची खोली स्टोअरची. कॅमेरे, दिवे, स्टँड, माइक, सगळं तिथून सही करून न्यायचं. काका तिथे सत्तावीस वर्षं होते. त्यांनी स्वतः एकही चित्रपट केला नव्हता, पण पोरं काय काय विसरून जातात ते त्यांना तोंडपाठ होतं.

मॅडम हे तिचं टोपणनाव. वय चौतीस, अंगावर फिकट साडी, हातात फाइल. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर वीस-बावीस वर्षांची सगळी पोरं उठून उभी राहिली. ती गोंधळून म्हणाली, "बसा, बसा, मी तुमच्यातलीच आहे." तेव्हापासून ती मॅडम झाली ती झालीच. त्याआधी अकरा वर्षं ती विम्याच्या कचेरीत नोकरीला होती. चांगली, पक्की नोकरी. ती सोडून ती इथे आली.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक चित्रपट करावा लागे. पोरं चौघाचौघांचे गट करत आणि हसतखिदळत सामान घेऊन जात. मॅडमला कोणी गटात घेतलं नाही, की तिनेच कोणाला विचारलं नाही, कोण जाणे. काकांच्या फॉर्मवर दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशा चार रेघा होत्या. तिने चारही रेघांवर एकच सही चार वेळा केली.

"मारामारी झाली तर सोडवायला कोणी नाही हां," काका म्हणाले.

"माझं माझ्याशी बरं जमतं, काका," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बहुतेक."

चित्रपट तिच्या वडिलांवर होता. ते लिफ्टमन होते. एका उंच कचेरीच्या इमारतीत एकतीस वर्षं त्यांनी माणसं वर नेली आणि खाली आणली. पुढे आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्या आणि ते घरी बसले. बोलणं मुळातच कमी. मॅडमने नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हाही ते काही बोलले नव्हते. ती बॅग घेऊन निघाली त्या सकाळी ते आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मॅडमला त्यांना सहा प्रश्न विचारायचे होते. पाचवा प्रश्न होता, "बाबा, त्या दिवशी तुम्ही बाहेर का आला नाहीत?" घरात समोरासमोर बसून दोन वर्षांत तिला हे विचारता आलं नव्हतं. कॅमेरा मधे ठेवला तर विचारता येईल, असं तिला वाटत होतं.

हे तिने काकांना सांगितलं ते ओघात, माइक तपासता तपासता. नाहीतर काका कसले विचारतायत.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात छोट्या कॅमेऱ्यावर करून बघितलं. ते त्या लाल दिव्याकडेच बघत बसतात. दिवा लागला की पुतळा. विझला की माणूस."

काका हसले. हा रोग जुना होता. त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या लाल दिव्यावर चिकटवला. "झालं. आता त्यांना कळणारच नाही कधी चालू, कधी बंद. आणि हा छोटा पडदा आत वळवून ठेव, नाहीतर स्वतःचंच तोंड बघत बसतील. तू त्यांच्या शेजारी बस. हे तारेचं बटण हातात धर. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद."

"काका, तुम्हीच या ना माझ्याबरोबर."

"मी? मला कोणी चहा तरी देईल का तिथे?" काका म्हणाले. ती गेली.

रविवारी सकाळी दहा ते चार तिने घरी चित्रीकरण केलं. सुरुवातीला बटण चालतंय का ते पाहायला तिने एकदा दाबलं. तेवढ्यात वडिलांनी विचारलं की चष्मा लावू की काढू, ती उठून त्यांच्याजवळ गेली, आणि परत दाबायचं राहिलं. म्हणजे कॅमेरा तेव्हापासून चालूच होता. मग तिने पहिला प्रश्न विचारण्याआधी बटण दाबलं, तेव्हा तो बंद झाला. उत्तर संपल्यावर दाबलं, तेव्हा चालू झाला. दिवसभर हे असंच, उलटं. दुसरा कोणी माणूस असता, कॅमेऱ्यामागे उभा राहून आत डोकावणारा, तर पाच मिनिटांत ओरडला असता. लाल दिवा दिसता तर तिचं तिलाच कळलं असतं.

मंगळवारी ती खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, उत्तरं नाहीत. एकही नाही. मधलं सगळं आहे."

"मधलं म्हणजे?"

"पाणी पिणं. खुर्ची सरकवणं. मी कॉलर नीट करतेय ते."

काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. पट्टी तशीच होती. त्यांनी नखाने ती सोलून काढली आणि बोटावरच गोळा करत राहिले. बोलायला हवं होतं ते त्यांना तेव्हा सुचलं नाही. ते इतकंच म्हणाले, "असं होतं. मोठमोठ्यांचं होतं. शनिवारी परत जा. कॅमेरा मी कोणाला देत नाही तोवर."

"पाचव्या प्रश्नाला ते अकरा मिनिटं बोलले, काका. घड्याळ समोरच होतं. जन्मात अकरा मिनिटं सलग बोलले नव्हते."

"मग काय, परत बोलतील. आता तोंड उघडलंय म्हटल्यावर."

गुरुवारी तिच्या वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला. समोरच्याने बोललेलं त्यांना कळत होतं, पण उत्तर म्हणून घशातून एकच आवाज निघायचा. मॅडम तीन आठवडे आली नाही. काकांनी कॅमेरा कपाटात कुलूप लावून ठेवला होता. गटवाली पोरं कुरकुरत होती, "काका, पडून आहे तर द्या ना." काकांनी दिला नाही. कशासाठी ठेवलाय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ती परत आली ती कॅमेरा मागायला नव्हे. तिने संकलनाची खोली मागितली. ती खोली स्टोअरला लागूनच होती आणि मधे नुसती प्लायवूडची भिंत. त्यामुळे पुढचा दीड महिना, रोज सकाळी दहा ते पाच, काकांनी तो चित्रपट कानांनी पाहिला.

"बाबा, कॉलर."

"असू दे गं. मला कोण बघतंय?"

"सगळे बघणार आहेत. हलू नका."

"एकतीस वर्षं त्या पेटीत उभा राहिलो. आता बसलोय तर बसू दे की नीट."

"हाच पंखा आवाज करतोय. बंद करू?"

"कर. घाम आला तर सांगू नको मग, बाबा चमकतायत म्हणून."

तिकडे ती तेच वाक्य पुन्हा लावायची, थांबवायची, पुन्हा लावायची. काका रजिस्टर लिहीत असायचे आणि हात थांबायचा. वडील मधेच काहीतरी काढायचे. "तुझी आई फोटोवाल्याकडे गेली की अशीच—" आणि तिचा आवाज यायचा, "बाबा, हे नंतर." वडील म्हणायचे, "तुझ्या त्या खोलीला खिडकी तरी आहे का गं?" ती म्हणायची, "नंतर, बाबा. आता चौथा प्रश्न." बटणाचा टक् असा आवाज, आणि संपलं. पुढचं काही नाही. टक् झालं की पुन्हा तिचाच आवाज, "हं, छान. पाणी हवंय?"

'हे नंतर' हे दोन शब्द काकांनी इतक्या वेळा ऐकले की घरी बायकोने काही विचारलं तर तेच त्यांच्या तोंडून निघायला लागलं. बायको म्हणाली, "नंतर म्हणजे कधी? म्हातारे झालो आपण."

पाचव्या प्रश्नानंतरचा तुकडा सगळ्यात लहान होता. तो तिने फार वेळा लावला नाही. त्यात आधी बराच वेळ काहीच नव्हतं, मग वडील नाक शिंकरायचे आणि विचारायचे, "आलं ना सगळं?" आणि तिचा आवाज, अगदी खुशीत, "आलं, बाबा. सगळं आलं."

चित्रपट एकोणीस मिनिटांचा झाला. दाखवला त्या दुपारी काका दाराशी उभे राहिले. बसायला जागा होती, पण त्यांना बसवेना. संपल्यावर दाढीवाले परीक्षक पुढे झुकून म्हणाले, "काय धाडस आहे! अख्खी मुलाखत कापून टाकायची आणि फक्त कडा ठेवायच्या. ही कल्पना सुचली कशी?"

मॅडम उभी राहिली. "सुचली नाही, सर. चूक झाली."

सगळा हॉल हसला. परीक्षकही हसले, नम्र आहे म्हणाले. वर्गात सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. पोरांनी तिला गराडा घातला, "मॅडम, पार्टी! मॅडम, आमच्या पुढच्या पिक्चरला तुम्हीच!" ती सगळ्यांना हो हो म्हणत होती, आणि पदराच्या टोकाने चष्मा पुसत होती, जो पुसून झालेलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सामानाचा हिशेब मिटवायला खिडकीशी आली. काका एकेक वस्तू तपासून खूण करत होते. केबली नेहमीसारख्या गुंडाळलेल्या. त्या चित्रपटाबद्दल काहीतरी चांगलं बोलावं, असं काकांनी रात्रभर ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पाचव्या प्रश्नाला काय म्हणाले होते गं ते?"

ती फळीवर हात ठेवून उभी राहिली. 

"आठवत नाही, काका."

"काहीच?"

"पंखा बंद केला होता, तरी शेजारच्यांचा नळ वाहत होता. माझं सगळं लक्ष त्या नळाकडे. आवाजात येईल का, येईल का. त्यांचा हात कुठे होता ते सांगते तुम्हाला. उजेड गालावर कुठपर्यंत होता ते सांगते. ते बोलले, मी मान हलवली, मला रडू पण आलं. पण शब्द..." तिने हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. "म्हटलं, रेकॉर्ड होतंय. नंतर ऐकीन."

काकांनी यादीवर एक खूण केली. मग विचारलं, "आता त्यांना दाखवणार ना पिक्चर?"

"काय दाखवू? त्यांना वाटतंय सगळं आलंय. मीच सांगितलंय. मी घरी गेले की ते डाव्या हाताचा अंगठा दाबून दाखवतात, बटण दाबल्यासारखा. म्हणजे, पिक्चरचं काय झालं? आणि दाखवला तर ते वाट बघत बसतील, त्यांचं ते बोलणं कधी येतं म्हणून. एकोणीस मिनिटं वाट बघतील."

"मग सांग ना, मशीन बिघडलं. स्टोअरवाल्याने खराब कॅमेरा दिला म्हण. माझं नाव घे, मला काय होतंय? तसंही ती पट्टी मी—"

"तुम्ही कॅमेरा चांगलाच दिला होता, काका." तिने हे अगदी सरळ म्हटलं. "मी त्यांना सांगीन, काम चालू आहे. अजून वेळ आहे म्हणून."

"आणि किती दिवस सांगशील?"

ती नुसती हसली. तिची बॅग तिच्या पायाशीच होती. खोली सोडली होती तिने. विम्याच्या कचेरीची एक शाखा तिच्या घराजवळ होती, तिथे परत घेतील का ते विचारून पाहणार होती. वडिलांना सकाळ-संध्याकाळ उठवायला-बसवायला कोणीतरी लागत होतंच. वर्षभर ज्या चित्रपटासाठी ती झिजली, तो पुरा झाला होता, आणि ज्याच्यासाठी केला त्याला ती तो पुरा झाल्याचं सांगणार नव्हती. काकांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिने चारही रेघांवर सही केली, सावकाश, एकाखाली एक.

पुढे तिने काय केलं, सांगितलं की दाखवलं, काकांना ठाऊक नाही. ते त्याच वर्षी निवृत्त झाले.

"गाडी कितीची?" सही केलेला फॉर्म परत घेत त्यांनी विचारलं.

"सव्वादोनची."

"मग निघ. स्टँडवर रांग असते या वेळी."

"हो. हे तुमचं पेन."

"ठेव तिथेच."