लालगळ्या आणि दुसरी सही

परमेश्वराने ही सृष्टी निर्माण केली त्या दिवशी आमचे साडू तिथे तपासणीला हजर असते, तर निम्मी सृष्टी त्यांनी 'रिजेक्ट' म्हणून परत पाठवली असती आणि उरलेल्या निम्मीवर दुसऱ्या देवाची सही आणायला सांगितलं असतं. मी हे कौतुकाने म्हणत नाही, चिडून म्हणतोय. या माणसावर मी गेली तीस वर्षं चिडलेलो आहे. मधूनमधून राग कमी होतो, पण तो सणावाराला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. वरणगावच्या कारखान्यात आयुष्यभर तपासनीस होते. तिथे दारूगोळ्याचं काम, म्हणजे चूक झाली तर माफी मागायला माणूस शिल्लक राहायचा नाही, हे मला कळतं. पण दारूगोळ्याला लावायची फूटपट्टी भरताच्या वांग्याला लावायची काय गरज आहे?

हो, वांग्याला. भरताची हिरवी वांगी आणायला साडू बाजारात गेले की भाजीवाल्या बायका एकमेकींना खूण करतात. प्रत्येक वांगं कानाजवळ नेऊन टिचकी मारायची, देठ पाहायचा, उन्हात धरायचं आणि बाजूला ठेवायचं. "रिजेक्ट." एकदा एका बाईने त्यांच्यापुढे अख्खी पाटी उलटी केली आणि म्हणाली, "भाऊ, आता मलेच रिजेक्ट करा, मी घरी जाते." लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी खुर्ची हलवून बघणार. गॅसच्या सिलिंडरला कान लावणार. पुतण्यासाठी मुलगी बघायला साक्रीला गेलो होतो, तर मुलीने पोहे आणून ठेवल्यावर यांनी मुलीकडे पाहिलंच नाही. बशीला तडा होता, तो तिच्या बापाला दाखवला. स्थळ चांगलं होतं. अजून त्या घरावरून जाताना मी मान खाली घालतो.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसला असता तर अक्का वेड्या झाल्या असत्या. म्हणून पोरांनी हुशारी केली आणि दुर्बीण आणून दिली. हतनूरच्या धरणाचं पाणी जवळच, हिवाळ्यात तिथे देशोदेशीचे पक्षी उतरतात, बाबांचा वेळ जाईल, असा हिशोब. वेळ गेला. माझा गेला. कारण साडूंच्या कारखान्यात म्हणे एका माणसाच्या सहीवर काहीच पास होत नसे. एकाने तपासायचं, मग दुसऱ्याने पहिल्याला न विचारता तपासायचं, आणि दोघांचं जुळलं तरच माल पुढे. तोच नियम या गृहस्थाने पाखरांना लावला. जाड पुठ्ठ्याची एक वही केली, तिच्यात रकाने आखले: पक्षी, दिवस, ठिकाण, वर्णन, पहिली सही, दुसरी सही. दुसरी सही नसेल तर तो पक्षी दिसलाच नाही असं समजायचं. आणि दुसरी सही म्हणून मी. का, तर बाकीचे सगळे एकेका रविवारी येऊन पळाले होते आणि मला बायकोच्या माहेरासमोर नाही म्हणता येत नव्हतं.

माझं पिंप्राळ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. आठवड्याला एकच सुट्टी. त्या सुट्टीला पहाटे अंधारात मोटारसायकल काढायची, थंडीने नाक गळत वरणगाव गाठायचं, साडूंना मागे बसवायचं आणि पाण्याकाठी एका केळीच्या बागेच्या बांधावर जाऊन बसायचं. पक्षी दिसला तर बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पाहून घ्यायचं, मग पाठीला पाठ लावून बसायचं आणि आपापल्या कागदावर वर्णन लिहायचं. दोन पन्नाशी ओलांडलेली माणसं शेताच्या बांधावर पाठीला पाठ लावून शाळेतल्यासारखी पेपर लिहितायत, हे ज्या नानांची बाग होती त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बराच वेळ लांब उभे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "मले वाटलं केयीचा सौदा कराले आले. तुमी तं परीक्षा देऊन ऱ्हायले." साडूंनी त्यांनाही गप्प बसायची खूण केली. त्यांच्याच शेतात. नाना भले, म्हणून निभावलं.

कागद जुळवताना तर अपमानच व्हायचा. "तुम्ही पोट पिवळं लिहिलंत." तीस वर्षांत या माणसाने मला कधी अरे-तुरे केलं नाही, सगळे अपमान अहो-जाहो करून केले. "पिवळसर होतं, भाऊ." "पिवळसर म्हणजे पिवळं नाही. रिजेक्ट." आणि समोर तो धोबी पक्षी शेपटी हलवत उभाच असायचा. तो बिचारा पास होण्याची वाट बघत असावा असं मला वाटायचं.

हे सगळं मी सोसलं. पण धुळ्याला भाचीच्या साखरपुड्यात जे झालं ते सोसलं नाही. मंडपात जाण्याआधी बायकोला घेऊन धुळ्यापलीकडे लळिंगच्या घाटात चहाला गेलो होतो. तिथे झाडीत मला स्वर्गीय नर्तक दिसला. पांढराशुभ्र नर, शेपटीला हातभर लांब दोन फिती, खालून वर, वरून खाली नुसता लहरत होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादा पक्षी मी माझ्या आनंदासाठी पाहिला. मंडपात पोचल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो. साडूंनी शांतपणे शेवभाजीत पोळी बुडवली आणि विचारलं, "दुसरं कोणी पाहिलं?" म्हटलं, "ही होती." "त्या काय करत होत्या?" बायकोने खरं सांगितलं की ती पाठमोरी बसून चहा पीत होती. साडू म्हणाले, "मग प्लास्टिकची पिशवी असेल. घाटात वाऱ्याने फांद्यांना अडकतात." चाळीस माणसं हसली. व्याहीसुद्धा. मी घास ताटात ठेवून उठलो.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. पांघरूण घेऊन पडून राहिलो. जरा बसू दे म्हटलं एकट्याला, स्वतःच्याच पाठीला पाठ लावून. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. साडूंचा. मी बघत राहिलो. बंद झाला, परत वाजला. बायको म्हणाली, "उचला की, काहीतरी असेल." मी म्हटलं, "पिशवी दिसली असेल." अकरा वेळा वाजला तो फोन. मी मोजत होतो, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी मला बरं वाटत होतं.

दुपारी साडू स्वतः आले. वरणगावहून एसटीने जळगाव, तिथून रिक्षाने पिंप्राळा, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. पाणी प्यायले, आणि एवढंच म्हणाले, "लालगळ्या होता." सैबेरियाकडून येणारा, चिमणीएवढा, गोड गळ्याचा पक्षी. अंग साधं मातकट, पण नराच्या गळ्यावर माणकासारखा लाल डाग. आपल्याकडे क्वचित कधी हिवाळ्यात चुकूनमाकून येतो आणि झुडपातून बाहेर पडत नाही. साडू पाच वर्षं त्याची वाट बघत होते. त्या दिवशी बांधाखालच्या बेशरमाच्या झुडपातून तो बाहेर आला आणि सात मिनिटं त्यांच्यासमोर राहिला. सात मिनिटांत त्यांनी पक्षी कमी पाहिला आणि मला फोन जास्त केले. नाना तिकडे घड उतरवत होते, त्यांना हाका मारल्या तर ते म्हणाले, "मी केयी पाह्यतो भाऊ, चिमन्या पाहाले मले येळ कुठी ऱ्हायते." म्हणजे साक्षीदार नाही. साडूंनी वहीत नोंद केली, पहिली सही केली, आणि स्वतःचाच पक्षी स्वतःच रोखून ठेवला. वर्णन काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, कारण उद्या मला दिसला तर माझी साक्ष बाटेल. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, माझी त्या भांडणाची तयारी होती.

मग होळीपर्यंत एकही रविवार मी चुकवला नाही. लालगळ्या काही आला नाही. पावसाळ्यात साडूंच्या डोळ्यांची तक्रार निघाली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. आता त्यांना माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. अक्का म्हणतात, तेवढं सुख लागलं त्यांना.

मला ते बघवेना. त्या हिवाळ्यात मी पुस्तक आणलं, लालगळ्याचं पान पाठ केलं, आणि एका रविवारी त्यांच्या घरी जेवताना सांगितलं की काल दुकान बंद ठेवून मी एकटा बांधावर येऊन गेलो आणि मला तो दिसला, आणा वही, सही करतो. साडूंनी प्रश्न विचारले. भुवई, गालावरची पट्टी, पोट, शेपटी, पाय. मी धडाधड उत्तरं दिली. त्यांनी वही मिटली. "सगळं बरोबर आहे, म्हणूनच रिजेक्ट. पक्षी पाहिलेल्या माणसाला इतकं येत नाही."

मी भडकलो. मुद्दाम तुमच्यासाठी खोटं बोलायला आलो आणि तिथेही नापास. तोंडाला येईल ते बोललो, आणि शेवटी म्हणालो, "तुम्ही तरी कुठे पाहिला? तो लाल डाग पक्ष्याच्या गळ्यावर नव्हताच, तुमच्या डोळ्यात होता. तेव्हापासूनच बिघडला असेल डोळा." अक्कांचा हात भाकरी वाढता वाढता थांबला. साडूंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "शक्यता आहे." त्यानंतर लालगळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. रविवारी यायचे, बांधावर बसायचे, मी लिहिलेलं ऐकून तपासायचे, पण त्या बेशरमाकडे तोंड करून बसायचे नाहीत. मी काय बोललो ते मला माहीत होतं. माफी मागायला गेलो तर पुरावा मागतील, म्हणून तीही मागितली नाही.

गेल्या जानेवारीत, तिथेच, ऊन नुकतं केळीच्या पानांवर आलं होतं. साडू माझ्याकडे पाठ करून बसले होते. बेशरमाच्या बुडाशी काहीतरी हललं. मी पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. आत गेलं तेव्हा कागदावर कसेबसे चार शब्द लिहिले. नियमाप्रमाणे कागद त्यांच्याकडे दिला, पण त्यांना आता वाचता कुठे येतं? तेव्हा तोंडीच तपासणी झाली.

"शेपटी?"

"पाहिली नाही, भाऊ."

"पाय?"

"माहीत नाही. गवतात होते."

"भुवई?"

"पांढरी. बहुतेक. होती पांढरी."

"गळा?"

"आधी काळाच वाटला. म्हटलं दुसरंच काहीतरी आहे. मग दोन उड्या मारून उन्हात आला आणि एकदम लाल झाला."

साडूंनी पिशवीतून वही काढली, चाचपून एका दुमडलेल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाचा." इतक्या दिवसांनी ती नोंद मी पहिल्यांदा पाहिली. त्यांचं ते ताठ, बारीक अक्षर: 'शेपटी नीट दिसली नाही. गळा प्रथम काळा, उन्हात आल्यावर लाल.' पुढे त्यांची सही, आणि तिच्या शेजारी रिकामा रकाना.

"पुस्तकात नाही हे," साडू म्हणाले. मग, अगदी हळू, "म्हणजे डोळ्यात नव्हता."

मी म्हटलं, "नव्हता, भाऊ. मी नालायक आहे." त्यावर त्यांनी पुरावा मागितला नाही. मी पेन काढलं, त्या रिकाम्या रकान्यात सही करायला वही ओढली, तर त्यांनी हाताने पान झाकलं. "ते नाही चालणार. दोन वेगळे रविवार." मी चिडून म्हटलं, "मग माझ्या आजच्या नोंदीवर तुम्ही तरी करा." "मी आज पाहिला नाही. रिजेक्ट." असा हा माणूस. आता वहीत लालगळ्या दोनदा आहे, दोन्हीकडे एकेकच सही, आणि त्या वहीच्या हिशोबाने तो पक्षी खानदेशात कधी आलेलाच नाही.

परत येताना मागे बसून त्यांनी माझा खांदा धरला होता. एरवी धरत नाहीत, गाडीचं कॅरियर धरतात. रस्त्यात तीनदा त्यांनी मला तो कसा लाल झाला ते सांगायला लावलं, आणि तिन्ही वेळा मी जरा वेगळं सांगितलं तरी काही म्हणाले नाहीत.

अजूनही दर रविवारी आम्ही जातो. सात वाजून दहा मिनिटं झाली की माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. फोन करणारा माणूस माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला असतो, त्यामुळे तो वाजायचं काही कारण नसतं. तरी मी तो काढून बघतो, आणि परत खिशात ठेवतो.