देवामागं सोडलेली सुपारी

त्या टीव्हीतल्या बाईला दोनच हात आणि दोनच पाय होते, एवढं मी खात्रीनं सांगते. तरी तिचं चाललेलं बघून मला रोज वाटायचं, हिला कुणीतरी दोन-चार जास्तीचे दिलेत.

तिची व्हिडिओ कॅसेट माझ्या नणंदेनं हैदराबादहून पाठवली होती. त्याच्या आदल्या महिन्यात परभणीच्या डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, वजन उतरवा, रोज सकाळी तासभर फिरा. आता मानवतच्या बाजारपेठेतल्या सुनेनं फिरायचं कुठं? पहिल्या दिवशी चौघींनी विचारलं, "सकाळी सकाळी कुणाकडं निघालात?" दुसऱ्या दिवशी एकीनं आधी पदर डोळ्याला लावला आणि मग विचारलं, "कोण गेलं?" तिसऱ्या दिवशी मी घरीच बसले. हे नणंदेला कळलं तशी तिनं लिहिलं, वहिनी, घरातल्या घरात करायचा जोरदार योगा आहे, पंधरा दिवसांत फरक पडतो. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं, सारखे बंद नि मोर्चे. आज एसटी चालू का बंद हे स्टँडवर गेल्याबिगर कळायचं नाही. कॅसेटला परभणीहून मानवतला यायला आठ दिवस लागले. तेवढ्या आठ दिवसांत मी काही न करताच मला बारीक झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. छत्तीस वर्षांची होते, पण अक्कल अजून वाटेतच होती.

योग म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मी धरून चालले होते. बसणं मला जमलं असतं. पण ही बाई बसेचना. मागं ढोलकं वाजायलंय, ही हात वर करती, खाली वाकती, एका उडीत पाय मागं फेकती, पोटावर पडती, उठती, परत उडी. माझा पहिला हात वर जाईपर्यंत तिचं तिसरं नमन झालेलं असायचं. आणि हे सगळं इंग्रजीत. त्यातलं मला फक्त लेफ्ट आणि राईट कळायचं, आणि घोळ तिथंच झाला. ती लेफ्ट म्हणायची आणि तिचा हात निघायचा माझ्या उजव्या बाजूला. देवाधर्माच्या गोष्टीत डावं-उजवं चुकलेलं चालत नाही, म्हणून मी डोकं लढवलं. टीव्हीकडं पाठ केली आणि कपाटाच्या आरशात तिला बघायला लागले, म्हणजे तिचं डावं ते माझं डावं. हिशेब बरोबर होता. फक्त आरशात मी एकटीच दिसायला लागले. ती बाई माझ्यामागं पूर्ण झाकून गेली. मधूनच माझ्या कमरेच्या अलीकडून एक, पलीकडून एक, असे गोरे हात तेवढे निघायचे. शेवटी आरसा सोडला आणि जसं जमेल तसं करायला लागले.

वेळ दुपारची. पोरं शाळेत, मालक दुकानावर, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई शेजारच्या खोलीत बाजेवर आडव्या. त्यांचं घोरणं सुरू झालं की मी बाहेरच्या दाराला कडी घालायची, साडी सोडून खुंटीला टांगायची आणि वर ब्लाऊज, खाली मालकांचा पायजमा, खांद्यावर टॉवेल, असा अवतार करून उभी राहायची.

कपड्यांचं एक वेळ ठीक. माझा खरा गोंधळ गळ्यात होता.

आमी लिंगायत. गळ्यात शिवदोऱ्यात इष्टलिंग असतं. माझं चांदीच्या डबीत होतं, जन्मापासूनचं. बोराएवढं, काळं, गुळगुळीत. ते अंगावेगळं करायचं नाही, बेंबीखाली लोंबू द्यायचं नाही, जमिनीला टेकू द्यायचं नाही. रोज त्याची पूजा झाल्याबिगर घास तोंडात घालायचा नाही. आणि कधी हरवलंच, तर सापडेपर्यंत अन्न बंद आणि पाणीही बंद. आत्याबाईंच्या एका चुलत आजीचं लिंग गोदावरीत आंघोळ करताना वाहून गेलं होतं. चार दिवस ती बाई भिंतीला टेकून बसली, पाण्याचा थेंब घेतला नाही. "आणि पाचव्या दिवशी?" असं मी विचारलं की आत्याबाई नुसत्या समईच्या वातीची काजळी झाडायच्या.

आता मला सांगा, योग महादेवाचाच ना? मग महादेव गळ्यात असताना योगाला अडचण का यावी? मी खाली डोकं वर कंबर केली की दोरा घसरायचा आणि डबी येऊन दातावर आपटायची. शिवाय त्या अवस्थेत माझी बेंबी वर आणि गळा खाली. म्हणजे लिंग बेंबीच्या खाली धरायचं का वर? पोटावर पडलं की डबी फरशीला टेकायची. ते टेकणं चांदीचं का देवाचं? मठातल्या स्वामींना विचारावं तर आधी त्यांना माझी ती अवस्था वर्णन करून सांगावी लागणार. डबी ब्लाऊजमध्ये खोचायची, ती निसटायची, दातावर आपटायची. पंधरा दिवस हेच. आपटून आपटून झाकण ढिलं झालंय, हे मला शहाणीला कळलं नाही.

त्या दिवशी ढोलकं थांबलं, मी धापा टाकत उभी राहिले, आणि हात सवयीनं गळ्याशी गेला. झाकण उघडं. डबी रिकामी.

लिंग कवा पडलं, कोणत्या उडीला, काही पत्ता नाही. ढोलक्याच्या दणक्यात आवाज तरी कसला येणार? टेबलाखाली बघितलं, कपाटाखाली झाडू घातला, गादीची वळकटी सोडून झटकली, कोपरा न् कोपरा हातानं चाचपला. नाही. वर घसा कोरडा पडलेला, आणि तहान तर अशी लागली की घरातला माठ मला हाक मारायला लागला. मी साडी नेसले आणि आत्याबाईंना चहा ठेवला, कारण चार वाजले होते आणि चार वाजता त्यांना चहा लागतो.

कप समोर ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुजा कुठाय?"

"मला नको."

"नको? आजवर चहाला नको म्हनलीस का कवा?" त्यांची नजर माझ्या गळ्यावर आली. मी पदर ओढून घेतला, पण उशीर झाला होता. त्यांनी कप हळूच बाजूला सारला.

"कुठं पडलं?"

मी रडायलाच लागले. खोलीत, मी म्हणाले. झाडताना. फरशी पुसताना. म्हणजे वाकले होते...

"बरं, बरं. वाकली हुतीस," आत्याबाई म्हणाल्या. "रडू नको. रडून अंगातलं पानी घालवू नको, प्यायला मिळनार न्हाई."

"तुमी तर चहा घ्या."

"सून उपाशी आन् मी भुरके मारू? ऊठ."

त्यांनी पानाच्या डब्यातनं एक अख्खी सुपारी काढली. आमच्याकडं गोल वस्तू हरवली की तिच्यामागं तसलीच दुसरी सोडायची रीत आहे. मणी हरवला की मणी, गोटी हरवली की गोटी. फरशीचा उतार तोच, जमीन तीच, दुसरी पहिलीच्या वाटेनंच जाणार. आत्याबाईंनी सुपारी माझ्या डबीत ठेवली, झाकण होतं तसं नुसतं टेकवलं आणि म्हणाल्या, "आता जसं करत हुतीस तसं कर. झाडतानी म्हन, पुसतानी म्हन. पर तसंच कर."

मी साडीतच हात वर केले.

"साडीत करत हुतीस का?"

मी मुकाट्यानं साडी सोडून पायजमा चढवला आणि कॅसेट लावायला गेले, तोवर लाईट गेली. आता आली का पंचाईत! बाईशिवाय मला एक पाऊल पुढचं आठवेना. हात आधी का पाय आधी? वाकायचं पुढं का मागं? पंधरा दिवस रोज केलेलं, आणि डोक्यात भुसा.

"हात वर घे," मागून आवाज आला.

मी घेतले.

"आता वाक. हात खाली टेक. आता उजवा पाय मागं... उजवा म्हनलं! दुसरा उजवा. हां. आता दुसरा पाय बी. ढुंगन वर. आजून वर, ती लय वर करती."

मी तशीच, पायांमधून उलटं बघितलं. आत्याबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर हातानं ढोलक्याचा ठेका धरून.

"तुमी बघत होता?"

"मग काय डोळे फोडून घेऊ?"

"पण तुमी तर घोरत होता!"

"घोरायला डोळे लागत्यात का? चल, आता उडी."

मी उडी मारली. डबी दातावर आपटली, झाकण उघडलं, सुपारी टणकन फरशीवर पडली, गडगडत त्यांच्या खोलीच्या बंद दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. दोघी धावलो. दाराशी सुपारी होती. बाकी काही नाही.

मी खालीच बसले. डोळ्यापुढं ती गोदावरीवाली चुलत आजी. पाचवा दिवस.

आत्याबाई मात्र दाराकडं बघत उभ्या होत्या. मग डोक्यावरचा पदर नीट करून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दार असं बंद नव्हतं."

"मी तर लोटलेलं बघते रोज."

"तू कुठली बघतीस, तुजं डोकं खाली." त्यांनी दार चार बोटं उघडलं, उंबरा नसलेलं दार ते, आणि आत जाऊन फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या. "असं हुतं. मी अशी हुते. आता मार उडी. आन् त्या बाईवानी मार, म्हशीवानी नको."

सुपारी परत डबीत ठेवून दुसरी उडी मारायला मी हात टेकले, कंबर वर केली आणि तेवढ्यात मालक परसदारानं आत आले. समोर बायको त्यांच्याच पायजम्यात, डोकं खाली. पलीकडं दाराच्या फटीत आईचा एक डोळा. ते काही विचारायच्या आत फटीतून आवाज आला, "लिंग पडलंय. हलू नको, वाटंत यू नको." त्यांनी पाय होता तिथंच धरला. एवढंच पुटपुटले, "म्हणजे पायजमा धोब्याकडं नव्हताच."

मी उडी मारली. सुपारी निघाली, उताराला लागली, त्या चार बोटांच्या फटीतून आत्याबाईंच्या पायाशेजारून गेली आणि बाजेखाली शिरली. बाजेखाली अर्धं पोतं कांदे पसरलेले होते. मी पोटावर पडून आत गेले. त्या कॅसेटमधलं जे आसन मला पंधरा दिवस जमलं नव्हतं, ते तिथं एका दमात जमलं. एकेक कांदा बाजूला केला. भिंतीला लागून, दोन कांद्यांच्या मधी, काळं, गुळगुळीत, थंडगार. तडा नाही, ओरखडा नाही.

मी बाजेखालूनच ओरडले. वरून आत्याबाई नुसतं "शिवा, शिवा" म्हणाल्या आणि धपकन बाजेवर बसल्या. बाज माझ्या पाठीवर आली.

त्यांनी स्वतः पाणी आणलं, लिंग धुतलं, विभूती लावली, पूजा माझ्याकडून करवून घेतली. मग माझ्या हातात तांब्या दिला. ते पाणी मी प्याले. अजून दुसऱ्या कुठल्या पाण्याची मला चव आठवत नाही. त्यांनी गार झालेला चहा गरम करून दोघींत अर्धा-अर्धा केला.

"आत्याबाई, हे देवाला आवडलं नाही का?" मी विचारलं. "का देवच योग करत निघाला? का माझंच काही चुकलं?"

"मला काय इचारतीस? डबीचं झाकन चुकलं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "सोनाराकडं दे. आन् सुपारी आन माजी, पान लावायचंय."

आम्ही तिघांनी सगळे कांदे बाहेर काढले. सुपारी सापडली नाही. मालक म्हणाले, तिच्यामागं दुसरी सोडून बघा. आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते दुकानाला परत गेले.

सोनारानं झाकण घट्ट करून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्हीसमोर उभी राहिले आणि शेजारच्या खोलीकडं कान लावला. घोरणं येईना. बघते तर दार सताड उघडं, बाज फिरवून दाराच्या तोंडाशी ओढलेली, आणि आत्याबाई पाय सोडून बसलेल्या.

"लाव," त्या म्हणाल्या. "आन् रोज तिसऱ्या उडीनंतर तू जे काय करतीस ते करू नको. ते त्यात न्हाई."