उंटाची शिट्टी

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो वाकला आणि पायाशी काहीतरी करत राहिला. कचऱ्याचा डबा घेऊन वरून उतरणारी बायको कठड्यापाशी थांबली.

"काय करताय?"

"नाडी बांधतोय."

"चपलेला नाडी कधीपासून आली?"

बोलायला हवा लागते, आणि ती त्या क्षणी त्याच्यापाशी नव्हती.

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे उंट म्हणत. उंचीमुळे तर खरंच, पण त्याहून जास्त दमामुळे. धुरात शिरताना जवानाच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि हवा संपत आली की तिची शिट्टी आपोआप वाजू लागते. आत जायचं ते जोडीनं. ज्याची शिट्टी आधी वाजेल त्याच्यासोबत दुसऱ्यानेही मागे फिरायचं, हा नियम. उंटाचा जोडीदार बुटक्या. कित्येक वर्षं शिट्टी वाजायची ती बुटक्याची, आणि उंट त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "चला, आमचा कुकर झाला!" स्वतः तो रोज पहाटे पळायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्याची टाकी निम्मी भरलेलीच परत यायची.

असा हा माणूस पाय मोडून बसला तोही आगीत नव्हे, घरात पडदा लावताना स्टुलावरून पडून. प्लॅस्टर, मग पलंग, मग काठी. हाड नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, "पाय ठणठणीत आहे, जा कामावर." पायाचे लाड पुरवण्याच्या नादात छातीकडे मात्र कुणी बघितलंच नव्हतं. तीही इतके दिवस पलंगावर लोळत होती.

कामावर रुजू झाल्यावर लवकरच सराव होता. धुरानं भरलेल्या खोलीत दोघं रांगत पुढे सरकत होते, तोच शिट्टी वाजली. उंटानं सवयीनं थाप मारली. "चला, कुकर झाला!"

बुटक्यानं मान हलवली आणि उंटाच्याच पाठीकडे बोट केलं.

बाहेर साहेब उभे होते. "इतक्यात? कुणाची वाजली?"

"ह्याच्या मास्कचा पट्टा सैल राहिला, साहेब," बुटक्या चटकन म्हणाला. "हवा गळत होती."

"पट्टा बघून आवळत जा रे. टोपी आहे का ती?"

त्या दिवसापासून उंटाला कुठे टेकवेना. खुर्चीत बसला की उठायचा, उठला की बंबाभोवती फेऱ्या मारायचा, पुसलेलाच नळ पुन्हा पुसायचा. जेवताना घास हातातच राहायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर जायची. पहाटे पळायला गेला, तर कोपऱ्यावरच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. शेवटी त्यानं बुटक्याला बंबामागे गाठलं.

"खोटं का बोललास?"

"मग काय सांगू? उंट म्हातारा झाला? अरे, महिनाभर पळ, येईल दम परत. तोवर कुणाला कळतंय?"

"आणि घंटा महिनाभर थांबणार आहे का? आत कुणीतरी अडकलाय, आपण शोधतोय आणि माझी वाजली, तर?"

"तर फिरू मागे."

"आणि तो?"

बुटक्यानं खिशातून सुपारी काढली, पुन्हा खिशात ठेवली.

घंटा दोनच दिवसांनी वाजली, भर दुपारी. गाद्यांच्या कारखान्याला आग लागली होती आणि पहारेकरी आत होता. बंबात उंटानं टाकी पाठीवर चढवली, पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. कारखान्याच्या दारातून काळा धूर लोळत होता.

"उंट, बुटक्या, आत!" साहेब ओरडले.

उंट खाली उतरला आणि टाकी पाठीवरून काढू लागला. "साहेब, मला पंपावर ठेवा. पंपवाल्याला पाठवा."

"का? पाय दुखतोय?"

"पाय नाही. दम नाही. त्या दिवशी सरावात पट्टा घट्टच होता."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बुटक्याकडे. पंपवाला तोवर टाकी चढवत होता.

दोघं धुरात गेले. उंटाचा हात पंपावर, नजर काट्यावर आणि कान दाराकडे. पंप सोडता येत नव्हता, म्हणून पाय जागच्या जागी नाचत होते. आता ते डावीकडे वळले असतील. आता माझी वाजली असती. आता आम्ही परतलो असतो. दारातून कुणीच येईना.

मग आतून शिट्टी ऐकू आली. ती बाहेरून इतकी बारीक लागते, हे त्याला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. धुरातून आधी बुटक्याची पाठ दिसली, मग पंपवाला, आणि दोघांच्या मध्ये खोकणारा पहारेकरी.

बुटक्यानं मास्क काढला. "कुकर झाला," तो म्हणाला.

"कुठे होता हा?"

"पार मागे, गठ्ठ्यांच्या आड. हाताला लागला आणि शिट्टी वाजली."

उंटानं मान खाली घातली. बंबात चढताना साहेब नुसतं म्हणाले, "सध्या पंपावरच राहा. पुढच्या सरावाला बघू."

संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चक्क पायरीवर बसला. बायकोनं वरून डोकावलं.

"आज नाडी नाही वाटतं?"

"आज दम लागलाय."

"मग वर येऊन बसा की. चहा टाकते."

"टाक. आलोच." तो उठला, कठडा धरला आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला खाली उतरू लागला.