चोराची विचारपूस

मोबाईलच्या काचेवर एक छोटा गोल, त्यात माझ्या सुरेशचा फोटो आणि खाली काहीतरी लिहिलेलं. वाचण्याचं आणि माझं कधी जमलंच नाही. म्हणून तसाच गिरणीवाल्या शोभावहिनींकडे पळालो. घाईत पायात चपला दोन जोडांतल्या, हे तिथं गेल्यावर कळलं.

गिरणीच्या घरघरीत वहिनींनी ओरडून वाचलं, "बाबा, हा माझा नवा नंबर. तब्येत कशी आहे? जेवलात का? काळजी वाटते तुमची."

आणि लगेच म्हणाल्या, "भावजी, हा चोर आहे. उद्या पैसे मागेल."

"अहो, फोटो आमच्याच पोराचा आहे की!"

"फोटो कुणीही उचलतं. पण तुमचा सुरेश कधी विचारतो का, जेवलात का म्हणून?"

दळणाला आलेल्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, आपल्याला आधीच कळलं होतं असं दाखवायला. चोर ओळखायची इतकी सोपी खूण, आणि ती माझ्याच घरातली!

मग वाटलं, बापाला काय विचारायचं असतं हे त्या चोराला बरं ठाऊक! त्याचाही बाप असेल कुठेतरी. त्याला विचारत असेल का हा? का दिवसभर दुसऱ्यांच्या बापांची चौकशी करूनच दमत असेल?

"करू ना ब्लॉक?" वहिनींचं पिठाचं बोट काचेजवळ आलं.

"करा की," मी म्हटलं. "पण आधी जरा गिरणी बंद करा आणि पुन्हा एकदा वाचा. सावकाश."